जनुकशास्त्र सगळ्यांना कळेल असं कसं सांगावं

घरात एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल तर माणसाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: मला होईल का, माझ्या मुलांना होईल का? जनुकशास्त्राच्या व्याख्यानाला येणारा असो, प्रदर्शनातल्या डीएनएच्या मॉडेलसमोर थांबणारा असो की तपासणीचा अहवाल हातात धरून बसलेला असो, विचारायचं असतं ते हेच. त्याला उत्तर काय मिळतं? दुहेरी पीळ, चार अक्षरं, गुणसूत्रांच्या २३ जोड्या. तो मान डोलावतो, मॉडेलचा फोटो काढतो आणि प्रश्न आणला तसाच परत घेऊन जातो.

जनुकशास्त्र अवघड वाटतं ते रेणूंमुळे नव्हे, शक्यतेमुळे. ‘चारात एक’, ‘धोका दीडपट’, ‘८० टक्के आनुवंशिक’ या शब्दांचा अर्थ लागला की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं. आणि शक्यता नुसती ऐकून पटत नाही, स्वतः मोजावी लागते. म्हणून इथे भर आहे तो नाण्यांवर, आलेखांवर आणि बातमीतला आकडा उलगडण्यावर. शाळेत शिकवणारे, विज्ञानप्रसार करणारे, संशोधनावर लिहिणारे यांना हे सगळं थेट वापरता येईल. आणि नुसतं समजून घ्यायचं असेल त्यांनाही.

आधी लागतं तेवढंच

सुरुवातीला सांगायची माहिती पाच मिनिटांत संपली पाहिजे. माणसाच्या डीएनएच्या एका संचात साधारण ३ अब्ज अक्षरं असतात; अक्षर म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक घटकांपैकी एक. एक संच आईकडून, एक वडिलांकडून. त्यात प्रथिनं बनवण्याची माहिती असलेली जनुकं सुमारे २०,००० आहेत आणि त्यांतला प्रत्यक्ष प्रथिनांचा मजकूर एकूण डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी भरतो. कुठल्याही दोन माणसांत साधारण हजारात एक अक्षर वेगळं असतं. आणखी एक गोष्ट जरूर सांगावी: प्रत्येक बाळात आई-वडिलांपैकी कुणातही नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही. ‘म्युटेशन’ म्हटलं की दचकणाऱ्या माणसाला ही एवढी माहिती मोठा धीर देते.

मग एकच उदाहरण घ्यावं, पण शेवटपर्यंत न्यावं. सिकलसेल हा रक्ताचा आजार यासाठी उत्तम. रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. त्याच्या बीटा साखळीच्या जनुकात एका जागी ए ऐवजी टी येतो. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा दुसरा घटक बसतो. हा फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५०च्या दशकात शोधून काढला. व्हॅलिनला पाण्याशी सलगी नको असते, त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. बदललेल्या दोन प्रती असतील तर आजार. एकच असेल तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट तीव्र मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे मलेरिया फार होता तिथे हा बदल टिकून राहिला. अक्षर, प्रथिन, पेशी, शरीर, समाज, सगळी साखळी या एका उदाहरणात येते. पाच आजार वरवर सांगण्यापेक्षा हा एक नीट सांगितलेला बरा.

उपमा वापरायचीच तर एक वापरावी आणि ती कुठे तुटते हेही तिथेच सांगावं. जनुक म्हणजे पाककृती, ही उपमा घराच्या नकाशापेक्षा बरी, कारण एकाच कृतीवरून दोघांनी केलेला पदार्थ वेगळा होतो. पण यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत तोच संपूर्ण डीएनए असतो आणि तरी त्या वेगळ्या असतात, कारण कुठली जनुकं कधी चालू राहतील हे पेशीनुसार ठरतं. इथे पाककृती मदतीला येत नाही. तिथे उपमा सोडून सरळ तसंच सांगावं.

डीएनए डोळ्यांनी पाहताना

डीएनए वेगळा करण्याचा प्रयोग जगभर केला जातो आणि तो नीट जमला तर कुठल्याही वयाचा माणूस टेबलापाशी खिळून राहतो. स्ट्रॉबेरी घेण्याचं कारण साधं आहे: आपण खातो त्या स्ट्रॉबेरीच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्या पेशीत दोनच. फळ मऊ असतं, पटकन कुस्करतं.

तीन मध्यम स्ट्रॉबेरी घ्या आणि हिरवे देठ काढून टाका. फ्रोझन असतील तर आधी पूर्ण वितळू द्या. जाड झिप पिशवीत घालून, हवा काढून, दोन मिनिटं हाताने कुस्करा. दुसऱ्या भांड्यात ९० मिली पाणी, १० मिली भांडी घासायचं लिक्विड आणि अर्धा छोटा चमचा मीठ हलक्या हाताने एकत्र करा. यातलं ३० मिली पिशवीत ओता आणि आणखी एक मिनिट दाबत राहा, पण फेस न होऊ देता. कॉफीच्या फिल्टरमधून किंवा दुहेरी मलमलमधून गाळा. पिळू नका, दहा मिनिटं आपोआप गळू द्या. गाळलेला रस अरुंद काचेच्या नळीत साधारण १० मिली घ्या. आता थंडगार अल्कोहोल: आयसोप्रोपिल असेल तर रसाएवढं, इथेनॉल असेल तर रसाच्या दुप्पट. नळी तिरपी धरून काचेच्या कडेने सावकाश सोडा, म्हणजे ते रसावर वेगळा थर करून राहील. मिनिट-दोन मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर पांढुरकं धुकं दिसतं, त्याचे धागे होतात आणि बुडबुडे अडकलेला ढग वर चढू लागतो. लाकडी काडी एकाच दिशेने फिरवली की धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात.

का होतं हे करतानाच सांगावं. साबण पेशीचं आणि केंद्रकाचं स्निग्ध आवरण विरघळवतो. डीएनएच्या कण्यावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर सारतात. मिठातले सोडियमचे आयन तो प्रभार झाकतात. पाण्यात डीएनए विरघळलेला राहतो, पण मीठ असताना अल्कोहोल आलं की त्याला विरघळून राहता येत नाही आणि तो बाहेर पडतो.

फसतं ते बहुतेक वेळा अल्कोहोलमुळे. ते ९० टक्क्यांच्या वर हवं. ७० टक्क्यांच्या बाटलीत आधीच बरंच पाणी असतं, ते रसात मिसळल्यावर आणखी पातळ होतं आणि धागे येतच नाहीत किंवा जेमतेम येतात. हँड सॅनिटायझरमध्ये शिवाय घट्टपणा आणणारे पदार्थ असतात, ते मुळीच चालत नाही. अल्कोहोल कोमट असेल तरी धागे कमी येतात. घट्ट झाकणाची बाटली अर्धा तास बर्फात ठेवावी. घाईने ओतलं तर थर मिसळतात आणि गढूळ पाणी हाती येतं. मिक्सरमध्ये साबणासकट फिरवलं तर फेसाखाली काही दिसत नाही आणि लांब धागेही तुटतात. अल्कोहोल ज्वलनशील आहे, टेबलाजवळ ज्योत नको. आणि नळीतलं काहीही कुणी तोंडात घालणार नाही हे लहान मुलांना आधीच बजावावं.

काडीवरचा पांढरा गोळा हा शुद्ध डीएनए नसतो हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यात आरएनए, प्रथिनं आणि फळातलं पेक्टिनही असतं. पेक्टिनही अल्कोहोलमध्ये साकळतं. लोक हटकून विचारतात, ‘पीळ कुठे दिसतोय?’ तो दिसणार नाही. डीएनएच्या रेणूची रुंदी २ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). काडीवरचा धागा ०.१ मिमी जाड धरला तर त्याच्या रुंदीत असे ५०,००० रेणू शेजारी शेजारी मावतील. हा हिशोब ऐकणाऱ्यालाच करायला लावावा, आकाराची खरी कल्पना तेव्हाच येते.

एवढं सगळं झाल्यावरही लक्षात ठेवावं की या प्रयोगाने वारशाबद्दल काहीच कळत नाही. तो लोकांना टेबलापाशी आणण्यासाठी आहे. पंधरा-वीस मिनिटांत आटपावा आणि नाणी काढावीत.

जीभ वळवण्याचं उदाहरण सोडून द्या

जीभ नळीसारखी वळते का, कानाची पाळी सुटी आहे का, डोळे कुठल्या रंगाचे आहेत. वर्गात हात वर करायला लावून ‘हे एका जनुकाने ठरतं’ असं सांगायची पद्धत अजून गेलेली नाही. जीभ वळवणं आनुवंशिक आहे असं जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये मांडलं. १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांतल्या ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. ज्यांचा डीएनए सारखा त्यांच्यातच फरक पडत असेल, तर ‘एक जनुक, एक गुण’ हा हिशोब बसत नाही. स्टर्टेव्हंट यांनीही पुढे आपलं म्हणणं मागे घेतलं. पाठांमधलं उदाहरण मात्र राहिलं.

यात नुसती शास्त्रीय चूक नाही. निळ्या डोळ्यांच्या आई-वडिलांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही, असं वर्गात शिकलेलं पोर घरी जाऊन कसला विचार करेल, याचा विचार शिकवणाऱ्याने करायला हवा. डोळ्यांचा रंग अनेक जनुकांवर अवलंबून असतो आणि असं मूल होऊ शकतं. नियम सोपा ठेवावा: समोरच्या माणसाचं कुटुंब प्रयोगाचं साहित्य म्हणून वापरायचं नाही.

त्यापेक्षा आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचे वाटाणे घ्यावेत. १८६६ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने एका प्रयोगातले ७,३२४ वाटाणे मोजून दिले आहेत: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. भागाकार करून पाहा, २.९६ येतात. नियमाप्रमाणे तीनास एक असं प्रमाण अपेक्षित असतं; नेमके ३ येत नाहीत हीच त्यातली शिकण्याची गोष्ट. सुरकुतण्याचं कारणही १९९० मध्ये सापडलं. स्टार्चला फांद्या फोडणाऱ्या एंझाइमच्या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे स्टार्च कमी बनतं, साखर साठते, दाणा जास्त पाणी शोषतो आणि वाळताना आक्रसतो.

चारात एक म्हणजे काय

आई-वडील दोघंही एखाद्या आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य ऐकणाऱ्यांतले पुष्कळजण ‘चार मुलं झाली तर त्यांतलं एक’ असं समजतात. पहिलं मूल आजारी निघालं की ‘आता पुढची तीन सुटली’ असं मनातल्या मनात गृहीत धरलं जातं, आणि या गैरसमजावर घरातले मोठे निर्णय घेतले जातात.

दोन-दोन जणांच्या जोड्या करा, प्रत्येकाला एक नाणं. वाहक आपल्या दोन प्रतींपैकी कुठलीतरी एकच मुलाला देतो: छापा म्हणजे चालणारी प्रत, काटा म्हणजे बदललेली प्रत. दोघांनी एकदम नाणं उडवलं की एक मूल. दोन्ही काटे आले तर आजार. प्रत्येक जोडीने चार मुलं नोंदवायची आणि आजारी किती ते फळ्यावर लिहायचं. चार-चार मुलांची १,००० घरं धरली तर गणित असं बसतं: सुमारे ३१६ घरांत एकही मूल आजारी नाही, ४२२ घरांत एक, २११ घरांत दोन, ४७ घरांत तीन आणि ४ घरांत चारही. म्हणजे ‘चारातलं एक’ हे निम्म्याहून कमी घरांत खरं होतं! ३० जोड्या असतील तर साधारण ९-१० घरं पूर्ण सुटलेली आणि आठेक घरं दोन किंवा जास्त आजारी मुलांची दिसतील. जोड्या दहाच्या खाली असतील तर फळ्यावर काहीही विचित्र चित्र येऊ शकतं. अशा वेळी दोन-तीन फेऱ्या करून आकडे एकत्र करावेत.

याच नोंदींवरून आणखी एक गोष्ट निघते. आजारी नसलेलं भावंड वाहक असण्याची शक्यता किती? सगळे म्हणतात निम्मी. फळ्यावरच्या दोन्ही काट्यांच्या नोंदी पुसून टाका, कारण ते मूल आजारी नाही हे आपल्याला माहीतच आहे. उरलेल्यांत एक छापा एक काटा असलेल्या नोंदी मोजा. त्या तीनात दोन भरतात. सूत्र सांगून हे कुणाला पटत नाही, पुसून मोजल्यावर लगेच पटतं.

मेंदूच्या हंटिंग्टनसारख्या आजारात एकच बदललेली प्रत पुरते, त्यामुळे शक्यता निम्मी होते. तिथे प्रश्न फक्त ‘आहे की नाही’ एवढाच नसतो: सीएजी ही तीन अक्षरं एका जनुकात किती वेळा सलग येतात ते मोजतात. ४० किंवा त्याहून जास्त असतील तर पुरेसं आयुष्य लाभल्यास आजार होतो. ३६ ते ३९ असतील तर होईलच असं नाही.

उंची आणि वीस नाणी

लोकांना भेडसावणारे बहुतेक आजार, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, एका जनुकाचे नसतातच. त्यांच्यासाठी उंचीचं उदाहरण सगळ्यांत उपयोगी, कारण उंचीबद्दल कुणी घाबरत नाही आणि तिच्यावर अभ्यासही प्रचंड झाला आहे. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून डीएनएमधल्या १२,१११ जागा उंचीशी जोडल्या गेल्या. एकेका जागेचा परिणाम साधारण मिलिमीटरच्या घरात, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

प्रत्येकाला २० नाणी द्या. मूळ उंची १५५ सेंटिमीटर. प्रत्येक छाप्याला एक सेंटिमीटर वाढवायचा. आलेली उंची भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चौकट रंगवून दाखवायची, एकसारखी उंची आली तर चौकटीवर चौकट. कागदावर हळूहळू मधे फुगलेला डोंगर उभा राहतो. जवळपास तीन चतुर्थांश लोक १६३ ते १६७ मध्ये येतात. १६० किंवा त्याखाली आणि १७० किंवा त्यावर मिळून शंभरात चारच. आता कुणाच्याही समोरचं एक नाणं उचला आणि विचारा: हे उंचीचं जनुक का? ते काढलं तर एक सेंटिमीटर जातो, एवढंच.

दुसरी फेरी खरी महत्त्वाची. सगळ्यांच्या उंचीत ५ सेंटिमीटर मिळवा आणि सांगा की या पिढीला पोटभर खायला मिळालं आणि बालपणीचे आजार कमी झाले. कागदावरचा सगळा डोंगर उजवीकडे सरकतो. क्रम मात्र बदलत नाही; उंच होते ते उंचच राहतात. दक्षिण कोरियात नेमकं असं घडलं. तिथे १८९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ मध्ये जन्मलेल्या स्त्रिया सरासरी २० सेंटिमीटर उंच भरल्या. शंभर वर्षांत जनुकं एवढी बदलत नाहीत.

आता ‘उंची ८० टक्के आनुवंशिक आहे’ हे वाक्य समजावता येतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण एवढाच आकडा येतो. त्याचा अर्थ तुमच्या उंचीतला ८० टक्के भाग जनुकांनी दिला असा होत नाही. एका गटातल्या, साधारण सारख्या परिस्थितीतल्या माणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली तर पूर्ण गट सरकू शकतो, आणि तरी आकडा ८० टक्केच राहू शकतो. भिंतीवरचा कागद समोर असताना हे पाच वाक्यांत कळतं. कागदाशिवाय तासभर बोललं तरी निसटतं.

बातमीतला आकडा

‘धोका २० टक्क्यांनी वाढतो’ असं वाचलं की पहिला प्रश्न विचारावा: कितीवरून? हजारात १० जणांना होणारा आजार हजारात १२ जणांना होऊ लागला तर तीही २० टक्के वाढच. लिहिणाऱ्याने दोन्ही आकडे द्यावेत, एकाच पायावर, म्हणजे दोन्ही वेळा ‘हजारात’. एकदा ‘४०० मध्ये एक’ आणि पुढे ‘२५० मध्ये एक’ असं लिहिलं की वाचकाला कुठला धोका मोठा तेच कळेनासं होतं. जमलं तर हजार ठिपक्यांचा चौकोन काढून त्यातले तेवढे रंगवावेत.

आकडा मोठा असेल तिथे तो मोठाच सांगावा. बीआरसीए१ जनुकात घातक बदल असलेल्या स्त्रियांपैकी ८० वर्षं वयापर्यंत १०० पैकी सुमारे ७२ जणींना स्तनाचा कर्करोग होतो, असं २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारण स्त्रियांमध्ये हे प्रमाण आयुष्यभरात १०० पैकी १२ च्या आसपास आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी: स्तनकर्करोगाच्या दर १०० रुग्णांपैकी अशा वारशाने आलेल्या बदलांमुळे झालेले साधारण ५ ते १०. म्हणजे घरात कुणाला नाही म्हणून स्तनांची तपासणी टाळणं चुकीचं ठरतं.

चाचणीच्या अहवालाबाबत सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो दुर्मीळ आजारांत. समजा एक आजार १०,००० मध्ये एकाला असतो. चाचणी उत्तम आहे: असलेल्या १०० पैकी ९९ जणांना पकडते आणि नसलेल्या १,००० पैकी एकालाच चुकून ‘आहे’ म्हणते. १ लाख लोक तपासले. त्यांत आजार असलेले १०, जवळपास सगळे सापडले. नसलेले ९९,९९०, त्यांतल्या सुमारे १०० जणांना चुकीचा ‘आहे’ आला. म्हणजे ‘आहे’ सांगितलेल्या ११० जणांत खरे १०, अकरात एक. चाचणी वाईट नाही, आजार विरळ आहे. गरोदरपणात आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या चाचण्यांनाही हेच लागू पडतं: त्या गाळणीच्या चाचण्या आहेत आणि ‘धोका जास्त’ आल्यावर गर्भजलाच्या तपासणीसारखी खात्रीची चाचणी झाल्याशिवाय निर्णय घ्यायचा नसतो. हा हिशोब कागदावर चार चौकोन आखून ऐकणाऱ्याकडूनच भरून घ्यावा.

‘लठ्ठपणाचं जनुक सापडलं’

ही बातमी २००७ ची आणि ती उलगडून दाखवायला फार चांगली. एफटीओ जनुकातल्या एका बदलाच्या दोन प्रती असलेल्या माणसांचं वजन सरासरी साधारण ३ किलो जास्त भरत होतं. अभ्यास मोठा होता, निष्कर्ष पुढे पुन्हा पुन्हा खरा ठरला. पण तीन किलोने लठ्ठपणाचा खुलासा होत नाही, आणि दोन्ही प्रती असूनही सडपातळ असलेली माणसं भरपूर आहेत. पुढची गंमत अशी की तो बदल जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागात होता. २०१४-१५ च्या संशोधनातून दिसलं की तो एफटीओऐवजी बऱ्याच अंतरावरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांवर परिणाम करत असावा. अशा अभ्यासात सापडते ती डीएनएवरची एक जागा. तिथून कारणापर्यंत पोचायला आणखी वर्षं लागतात.

शोधनिबंधावर लिहिणाऱ्याने सारांश शेवटी वाचावा. आधी पद्धतीचा भाग आणि तक्ते: माणसं किती, कोण, मोजलं काय? उंदरांवर केलेलं काम असेल तर ते मथळ्यातच यावं. मग परिणाम किती मोठा आणि दुसऱ्या गटात पुन्हा दिसला का? संपूर्ण डीएनए चाळणाऱ्या अभ्यासात एका वेळी साधारण १० लाख स्वतंत्र तुलना होतात. योगायोगाची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की निष्कर्ष मानायचा, ही नेहमीची चाळणी लावली तर निव्वळ योगायोगाने ५०,००० जागा ‘सापडतील’. म्हणून तिथे दोन कोटीत एक इतकी कडक चाळणी लावतात.

ही चाळणी नव्हती तेव्हा काय झालं ते नैराश्याच्या संशोधनात दिसतं. ठरावीक जनुकं निवडून छोट्या गटांवर शेकडो निबंध लिहिले गेले, त्यांवर बातम्या झाल्या. २०१९ मध्ये अशी १८ गाजलेली जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली गेली. इतर कुठल्याही जनुकापेक्षा त्यांचा नैराश्याशी जास्त संबंध आढळला नाही. विज्ञानाने स्वतःला दुरुस्त केलं, पण त्या दुरुस्तीची बातमी मूळ बातम्यांइतकी पोचली नाही. लिहिणाऱ्यांनी ही थकबाकी चुकती करायला हवी.

‘कोण’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. २०१९ च्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते; जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास. उंचीच्या त्या १२,१११ जागा युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्के फरक सांगतात, इतरांमध्ये १० ते २० टक्केच. त्यामुळे जनुकांवरून काढलेला धोक्याचा आकडा दाखवताना तो कुणाच्या माहितीवर बेतला आहे हे त्याच वाक्यात यावं, तळटीपेत नाही.

लोक आपलं घर सांगू लागतात तेव्हा

प्रयोगाच्या टेबलापाशी कुणीतरी हळूच बाजूला येऊन घरातल्या आजाराबद्दल विचारतं. हे होणारच आणि त्याची तयारी आधी हवी. तिथल्या तिथे शक्यता सांगू नये. घराण्याचा नीट इतिहास घेतल्याशिवाय सांगितलेला आकडा हा अंदाज असतो आणि ऐकणारा त्याला निदान समजतो. जनुकीय समुपदेशकाकडे किंवा जनुकतज्ज्ञ डॉक्टरकडे जायला सांगावं आणि सोबत काय न्यायचं ते लिहून द्यावं: तीन पिढ्यांतले नातेवाईक, कुणाला कुठला आजार, कितव्या वर्षी सुरू झाला, आधीचे अहवाल. वय फार महत्त्वाचं, नेमकं तेच लोक विसरतात.

घरबसल्या लाळ पाठवून करायच्या चाचण्यांबद्दल विचारलं तर ‘नाही’ या उत्तराचा अर्थ समजावावा. अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळालेली अशी एक चाचणी बीआरसीए जनुकांतले तीनच बदल तपासत होती, तेही मुख्यतः अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू वंशात आढळणारे. ज्ञात घातक बदल हजाराहून जास्त आहेत. तिथे ‘नाही’ म्हणजे ते तीन नाहीत, इतकंच. शिवाय आपला डीएनए एकट्याचा नसतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या खुनांतला आरोपी पकडला गेला तो त्याच्या लांबच्या नातेवाईकांनी वंशावळीच्या एका खुल्या साइटवर टाकलेल्या डीएनएच्या माहितीमुळे. तो गुन्हेगार होता, पण यंत्रणा सगळ्यांसाठी सारखीच चालते. नमुना देण्यापूर्वी संमतीपत्रात तीन गोष्टी शोधाव्यात: माहिती आणखी कुणाला दिली जाईल, कंपनी विकली गेली तर तिचं काय होईल आणि नमुना नष्ट करून घेता येतो का.

लेख किंवा माहितीपत्रक लिहून झालं की विषयाशी संबंध नसलेल्या तीन-चार जणांना वाचायला द्यावं. ‘कळलं का?’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. मजकूर बाजूला ठेवून विचारावं: हा बदल असलेल्या हजार माणसांपैकी कितीजणांना आजार होईल, आणि नसलेल्या हजारांपैकी किती? हे दोन आकडे त्यांना सांगता आले नाहीत तर ज्या परिच्छेदात ते दिले आहेत तो नव्याने लिहावा, आणि पुढच्या वेळी वेगळ्या माणसांना द्यावा. पहिल्यांना उत्तर आता पाठ झालेलं असतं.